लपवलेला अंक

रविवार, २ नोव्हेंबर

सकाळी दार वाजलं. खालच्या मजल्यावरची शेफाली. सहावीतली. हातात वही-पेन्सिल.

"आजी, दिवाळीची सुट्टी संपली. सर कोडी कधीपासून घेणार?"

तिला घरी कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं – सरांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलता येत नाही. गॅस संपला म्हणावं तशा आवाजात सांगितलं. मलाच ऐकू आलं ते.

"ऐकू येतं ना पण?"

"ऐकू येतं. कळतं की नाही, माहीत नाही. डॉक्टरही नक्की सांगत नाहीत."

शाळेतून निवृत्त झाल्यावरही दर रविवारी हे सोसायटीतल्या मुलांना जमवून आकड्यांची कोडी घालायचे. मी आतून चहा-बिस्किटं पाठवायची. कोडी कधी ऐकली नाहीत.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

अंग पुसलं, पेज भरवली. निम्मी बाहेर. परत पुसलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

बंगलोरहून सलीलचा फोन. हडपसरच्या पुढे एक केंद्र बघितलंय त्याने, अशाच रुग्णांसाठी. डिसेंबरपासून खोली मिळेल.

"बाबांना आता काही कळत नाही, आई. तू मात्र यात संपून जाशील."

माझे हात कणकेचे होते म्हणून फोन स्पीकरवर टाकलेला, यांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर. मी म्हटलं, "हो, कळत नाहीच. कर तू नक्की."

चव्वेचाळीस वर्षांचा संसार. रडू येईल असं वाटलं होतं. पोळ्या केल्या.

रविवार, ९ नोव्हेंबर

शेफाली पुन्हा हजर. "मी सरांना नुसतं दाखवते. तुम्ही तुमचं काम करा."

पलंगाशी स्टूल ओढून बसली. सदतीस त्रिक एकशे अकरा. सदतीस गुणिले सहा, दोनशे बावीस. गुणिले नऊ, तीनशे तेहेतीस. मोठमोठ्याने वाचत होती. हे भिंतीकडे बघत होते.

"आजी, सर हसले."

"नाही गं. तोंड वाकडं झालंय, त्यामुळे तसं दिसतं."

 जाताना ती चप्पल आपटत गेली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

केंद्रात काय काय न्यायचं ते सलीलने पाठवलंय. बॅग माळ्यावरून काढली. झुरळांच्या गोळ्यांचा वास.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

शेफाली म्हणाली, सरांचं आवडतं कोडं करू या. कुठलीही संख्या घ्यायची, तेच अंक उलटसुलट करून दुसरी संख्या करायची, मोठीतून लहान वजा करायची. उत्तरातला एक अंक लपवायचा, बाकीचे सांगायचे. सर लपवलेला ओळखायचे. "उत्तरातल्या अंकांची बेरीज नेहमी नवाच्या पाढ्यात येते, आजी. जेवढं कमी पडतं तो लपवलेला अंक."

तिने ८३५२ घेतली, त्यातून २५८३ वजा केले. आकडे मला मागाहून दाखवले. तेव्हा नुसतं म्हणाली, "सर, सात, सहा, नऊ. चौथा कुठला?"

मी उठणार, तेवढ्यात डाव्या हाताचं बोट पलंगाच्या दांडीवर वाजलं. पाच वेळा. मग थांबलं.

शेफालीने वही माझ्यासमोर धरली. ५७६९.

मी म्हटलं, अजून एक घाल. तिने घातलं. बोट दोनदा वाजलं. बरोबर. आणखी एक. तेही बरोबर.

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. म्हणजे सगळं कळतं. म्हणजे तो स्पीकरवरचा फोनही कळला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सलीलला सांगितलं. "योगायोग असेल," म्हणाला. तीनदा? मी विचारलं. शेवटी म्हणाला, "तू म्हणशील तसं करू."

यांना सांगितलं – एकदा वाजवलं म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. चहा हवा? एकदा. साखर? एकदा. साखर बंद आहे यांची.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सकाळी समोर खुर्ची घेऊन बसले. केंद्राचं सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्ही नाही म्हणालात तर आत्ता सलीलला फोन करून रद्द करते. जायचंय का तुम्हाला तिकडे?

एकदा.

प्रश्न नीट कळला नसेल म्हणून पुन्हा विचारला. माझ्यासाठी म्हणताय का, तेही विचारलं. त्याला उत्तर नाही. जायचंय का – परत एकच ठोका.

मला भयंकर राग आला. यांनी तो डावा हात उचलला, माझ्या हातावर ठेवला, आणि तिथेही बोट वाजवलं. एकदाच.

सलीलला फोन केलेला नाही, ना होकाराचा ना रद्द करायचा.