बाबांबद्दल विचारायचं होतं

१४ मार्च

ती. आईस नमस्कार,

सकाळी कार्यालयात बैठक झाली, दुपारी दोन देणगीदारांना भेटले, आता घरी आले आहे. तब्येत बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत? दादा वेळेवर घरी येतो ना?

संस्थेची प्रमुख मी आहे खरी. पण निधी आटलाय. घरोघरी जाऊन आजाऱ्यांचं करणाऱ्या आमच्या परिचारिका राहणार की जाणार, ते पुढच्या महिन्यातल्या देणगीदारांच्या सभेवर ठरेल. बाबा इथे माझ्याकडे असताना रोज यायची, तीही त्यांतच. ती तुझी चौकशी करते.

संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "सभेत वडिलांचे शेवटचे दिवस सांग. लोक विरघळतील."

"सर, ते फार कमी बोलायचे."

"मग तू बोल की."

कुणाचीही गोष्ट सांगण्याआधी घरच्यांना विचारायचं, हा नियम मीच केलाय. म्हणून विचारते. फोनवर तू माझ्यासाठी लगेच हो म्हणाली असतीस, म्हणून पत्र.

नको वाटलं तर तसं लिही. मला राग येणार नाही. बरंच वाटेल, कदाचित.

काळजी करू नकोस, वेळेवर जेवते. आजही भात दोघांचा लावला गेला. उरलेला झाकून ठेवते.

तुझी,
धाकटी