क्रमांक सतराचा दस्ता

१४ नोव्हेंबर, दुपार

तीर्थरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना मात्र गप्प असतो; त्यामुळे दुखणे गुडघ्याचे नसून जिन्याचे आहे, असे तिचे मत आहे. तुम्ही करून दिलेल्या पुस्तकांच्या कपाटाचे दार अजूनही एका बोटाने लागते. तुमच्या नव्या कारखान्यात दिवसभर खोक्यांच्या फळ्यांना खिळे ठोकायचे काम असते, असे आई सांगत होती. तिथे रंधा हाती घ्यायला मिळतो का?

हे पत्र मी चौथ्यांदा सुरू करत आहे. आज कशातच मन लागत नाही. सकाळपासून तीन पेन्सिलींना टोके काढली, भिंग दोनदा पुसले, खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. शेवटी शिपाईबाई म्हणाल्या, "काय गं, खुर्चीत मुंग्या आहेत का?" मी नाही म्हटले आणि लगेच पुन्हा उठले.

कामाचे सांगते. संग्रहालयातील जुन्या लष्करी बंदुकांच्या दस्त्यांची तपासणी तुम्ही इथून गेल्यानंतरही चालूच आहे. बेचाळीसपैकी छत्तीस झाल्या. बहुतेक दस्ते अक्रोडाचे, काही बीच या परदेशी झाडाचे, दोन भूर्जाचे निघाले. काळपट रंग आणि जवसाचे तेल यांनी सगळ्यांचे चेहरे सारखे करून टाकलेले असतात. खरी ओळख पटते ती आडव्या छेदात. अक्रोडाची छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसतात, बीचची दिसत नाहीत, पण त्याच्या छेदात जाड चकचकीत रेषा असतात. पुस्तकाने हे मला फार उशिरा शिकवले. मी दहा वर्षांची असताना तुमच्या बाकाखाली बसून ढलप्या गोळा करत होते, तेव्हाच तुम्ही सांगितले होते, "शब्दकोशा, लाकूड वरून सगळ्यांशी खोटं बोलतं. कापून विचारलं की खरं सांगतं."

कापून कुठे विचारावे, हेही तुम्ही सांगितले असणार. मी लक्ष दिले नसणार.

गेल्या गुरुवारी क्रमांक एकतीसची बंदूक टेबलावर आली. हवा कोरडी असल्यामुळे तिच्या दस्त्याच्या टोकाशी केसाएवढी तिरकी फट पडली होती. फटीच्या एका बाजूला अक्रोड आणि दुसऱ्या बाजूला बीच होते. लष्करातल्या कुणा सुताराने फुटलेले टोक कापून तिथे नवा तुकडा जोडला होता, आतून लाकडी खुंटी मारली होती आणि वरून रंग दिला होता. मी ती फट पाहिली आणि भिंग बाजूला ठेवले. कारण मला क्रमांक सतरा आठवली.

तुम्ही ती विसरला असाल, असे म्हणण्याचा खोटेपणा करत नाही.

सात महिन्यांपूर्वी तिच्या दस्त्याची चीर बुजवून तुम्ही ती परत दिलीत. नंतरच्या तपासणीत टोकाची लोखंडी पट्टी काढून छेद घेतला, तर बीच निघाले. नोंदवहीत मात्र अक्रोड लिहिलेले. त्यावरून ठरले, की जुना अक्रोडाचा दस्ता सुताराने बाहेर विकला आणि बीचचा करून बसवला. संग्रहालयातली तुमची बावीस वर्षांची सुतारकामाची नोकरी एका ढलपीवर गेली.

त्या दिवसापासून आई रोज जेवताना त्या तपासनिसाचा उद्धार करते. "मेल्याच्या डोळ्यात भुसा जावो." "मेल्याच्या बोटात कुसळ शिरो आणि चिमट्याने निघू नये." कालची शिवी नवी होती: "मेला बसेल ती खुर्ची डुगडुगो." मी मान खाली घालून जेवते. पाणी हवे का, असे मध्येच विचारते.

मामा, तो तपासनीस मी आहे.

अहवालावर नाव नसते, फक्त क्रमांक असतो. त्या क्रमांकाआड मी सात महिने राहिले. सतराची दुरुस्ती तुम्ही केली आहे, हे मला ठाऊक होते, आणि तरीही मी निर्विकारपणे 'बीच' असे लिहिले, याचा मला अभिमान वाटला होता. नाते आड येऊ दिले नाही, परीक्षेत पहिली येणारी मुलगी इथेही पहिली आली, असे वाटले. खोटे कशाला सांगू? त्या संध्याकाळी मी चालत घरी आले, पण पाय जमिनीवर नव्हते.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. अक्षर चांगले म्हणून तुमचा जबाब लिहून घ्यायला मलाच बसवले होते. साहेबांनी विचारले, "हे लाकूड बीचचं आहे ना?" तुम्ही म्हणालात, "टोकाला बीचच आहे. पुढून बघा." हे बोलताना तुम्ही साहेबांकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिलेत. मला वाटले, तुम्ही माझी दया मागत आहात. मी कागदावर लिहिले: 'लाकूड बीचचे असल्याचे सुतारास मान्य.' उरलेले वाक्य प्रश्नाला धरून नव्हते, म्हणून गाळले. तुम्ही न वाचता सही केलीत.

शुक्रवारी मी सतराची नळी उतरवली आणि दस्त्याच्या पुढच्या भागात ती ज्या खाचेत बसते तिथून ढलपी घेतली. अक्रोड निघाले. मग ओल्या फडक्याने टोक पुसत गेले. चार बोटांवर जोडाची तिरकी रेघ दिसली, आणि त्या रेघेवरच रंगाने बुजलेला लष्कराचा छोटा गोल शिक्का सापडला. अर्धा शिक्का अक्रोडावर, अर्धा बीचवर. दोन्ही लाकडे एकत्र आल्यावरच तो मारला गेला असणार, म्हणजे तो जोड तुमच्या जन्माआधीचा आहे. पाच मिनिटांचे काम होते, मामा. चार स्क्रू.

दुरुस्त अहवाल लिहून तयार आहे. खणात आहे. परवाच्या बैठकीत माझ्या कायम नेमणुकीचा कागदही आहे. मी दर थोड्या वेळाने खण उघडून अहवाल तिथेच आहे ना ते पाहते, जणू तो आपला आपण उठून साहेबांकडे जाईल.

संध्याकाळ, घरी

चार वाजता नेऊन दिला. बोलायचे सगळे पाठ केले होते. आत गेल्यावर त्यातले एकही वाक्य जागेवर नव्हते. साहेबांनी दोनदा वाचला.

"बैठक होऊन जाऊ दे. पुढच्या आठवड्यात दे की."

"नाही."

"अगं, नेमणूक पक्की झाली की मग हवं ते लिही. आणि खाली हे नाव कशाला? इथे क्रमांक असतो."

"माहीत आहे."

एवढेच बोलले. नाव खोडले नाही. तुमचा जबाब पूर्ण लिहून सोबत जोडला आहे आणि तुम्हाला परत बोलवावे, अशी विनंतीही केली आहे. संग्रहालयाचे मंडळ काय ठरवील, ते मला सांगता येत नाही.

घरी आल्यावर हे पत्र आईला वाचून दाखवले. 'तो तपासनीस मी आहे' या ओळीशी थांबले, तर ती म्हणाली, "वाच पुढे." शेवटपर्यंत ऐकले. मग उठून तिने डब्यांची झाकणे उगीचच घट्ट केली.

"तो अहवाल मामाला दाखवला होता त्यांनी," ती म्हणाली. "तुझं अक्षर तो ओळखणार नाही होय? पाटीवर हात धरून गिरवायला कोणी शिकवलं तुला?"

मी पत्राची घडी केली.

"म्हणजे तुला माहीत होतं? आणि रोज जेवताना..."

"मग कोणाला ऐकवत होते मी? मेला म्हणत होते, कारण मेली म्हणवेना." आणि मग, माझ्याकडे पाठ करून, "दर पत्रात एकच विचारतो तुझा मामा. 'पुढून बघितलं का तिने?' मला काय कळणार पुढून म्हणजे काय! मी आपली दर वेळी लिहिते, 'अजून नाही.'"

या वेळचे उत्तर तू लिही, असे म्हणून ती आत गेली. तिच्या खोलीचे दार अजून बंद आहे. माझे जेवण मात्र झाकून ठेवले आहे.

मामा, पुढून बघितले.

क्षमा मागण्याजोगे वाक्य मला अजून रचता आलेले नाही. तोवर, ज्या ठिकाणी सात महिने फक्त क्रमांक लिहिला तिथे आता लिहिते,

तुमची भाची,
तपासनीस