नवरदेवावाचून ढावलो

८ फेब्रुवारी १९६२, यवतमाळ
अष्टग्रही झाली, जग काही बुडालं नाही. म्हणजे मुलाखत होणार! दिल्लीच्या संस्थेची शिष्यवृत्ती — समाजशास्त्रात तीन वर्षं संशोधन. माझ्यासारख्या एम.ए. झालेल्या मुलीनं एक तर शाळेत शिकवायचं, नाहीतर बोहल्यावर चढायचं. हे तिसरं दार पहिल्यांदाच दिसतंय. अट एकच — नागपूरला मुलाखतीला येताना स्वतः हिंडून गोळा केलेलं काहीतरी आणा. पुस्तकातलं उतरवलेलं चालणार नाही.

बाबांना विचारलं. "मुलाखत दे हवी तर. दिल्लीचं नाव काढायचं नाही." कचेरीत हेडक्लार्क आहेत, घरातही शेरेच मारतात.

१२ फेब्रुवारी, आर्णी
मावशीकडे उतरलेय. सकाळीच जवळच्या तांड्यावर गेले. बंजाऱ्यांची नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडते, आणि ते रडणं म्हणजे गाणं असतं — ढावलो. तेच न्यायचं ठरवलंय. ते शिकवतात हंसाबाई. साठी उलटली, पण तोंडाचा पट्टा चालूच!

"असं कोनालेबी नाई शिकवत, बाई. जिचं लगीन जुळलं तिलेच शिकवतो."

मी म्हटलं, माझं लग्नबिग्न काही जुळलेलं नाही, मी अभ्यासासाठी आलेय. सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या. "समद्या पोरी असंच म्हणते!" आणि मला हाताला धरून मधोमध बसवलं.

१३ फेब्रुवारी
घसा बसला.

१६ फेब्रुवारी
रोज सांगते, लग्न नाही हो! पण यांच्यात नवरीनं लाजून नाही म्हणायचं ही रीतच. मी जितकं नाही म्हणते तितकी त्यांची खात्री पटते. हंसाबाई म्हणतात, "काहून लपवून राह्यली? आमी का तुह्या नवरदेवाले खाऊन टाकतो?" हात टेकले मी.

आज बापाला उद्देशून गायचं कडवं होतं. मी आपली पाढे म्हटल्यासारखी म्हणत होते, तर हंसाबाईंनी पाठीत धपाटाच घातला. "हे रडनं हाय? बापाले सोडून चालली तू, का बाजाराले?"

एकदम बाबा डोळ्यांपुढे आले. रात्री कंदील घेऊन मला परीक्षेसाठी उठवणारे. मग जे रडले ते थांबेचना! बाया खूश. एकीनं गुळाचा खडा दिला.

२२ फेब्रुवारी, नागपूर
झाली निवड!!
समोर पाचजण. एक म्हणाले, वाचून दाखवा. मी म्हटलं, हे वाचायचं नाही, रडायचं असतं. आणि सुरू केलं. शेवटी एकजण चष्मा पुसत होते. बाहेर बसवलं, पुन्हा आत बोलावलं — जुलैत दिल्ली! जिन्यावर एक गिरकी घेतली, शिपाई बघत राहिला.

आता बाबांना सांगायचं.

२३ फेब्रुवारी, यवतमाळ
घरात काहीतरी बिनसलंय. निवडीचं सांगितलं तर बाबा फक्त "हं." आईचे डोळे लाल. माझ्यासाठी शिरा केला, स्वतः खाल्ला नाही. दिल्लीचं विचारायची हिंमत झाली नाही.

२४ फेब्रुवारी
बाबा आज कचेरीत गेले नाहीत! ताप नाही, काही नाही. गच्चीवर नुसत्या येरझारा.

२५ फेब्रुवारी, रविवार
दुपारी बाबांनी दार लावलं. "मुलगा कोण?"
"कोणता मुलगा?"

मग उलगडा झाला. मी नागपूरला गेले त्या दिवशी तांड्याचे प्रमुख लखीराम नायक आले होते. आरशांच्या कशिद्याची चोळी आहेर म्हणून घेऊन! वर बाबांना तक्रार — "आमच्या बायाईनं नवरी तयार केली, अन् तुमी आमाले साधं आवतनबी नाई देल्लं?" लग्न जुळल्याशिवाय ढावलो शिकवतच नाहीत, हेही छातीठोकपणे सांगून गेले. पोरीनं तांड्यावर जाऊन परस्पर जमवलं, एवढंच बाबांनी त्यातून काढलं.

पोट दुखेपर्यंत हसले. मग सगळं सांगितलं. आई हसता हसता रडली. बाबा हसले नाहीत. चपला घातल्या आणि कचेरीत निघून गेले — रविवारी!

दिल्लीचं राहिलंच.

२६ फेब्रुवारी
जेवताना मी विचारायला तोंड उघडलं, तर बाबाच वरणात पोळी कुस्करत म्हणाले, "मुलगा तांड्यातला असता, तरी हो म्हणायचं ठरवलं होतं मी. दोन दिवस लागले त्याला. आता दिल्लीला कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"