डाव्या हाताच्या ओळी

२ नोव्हें.
प्लॅस्टर कापलं. उजवं मनगट बारीक, पांढरं, कुणा दुसरीचं वाटतं. डॉ. म्हणाले बोटांना रोज काम द्या, पीठ मळा, विणकाम करा, काहीही. सहा आठवडे सगळं डाव्या हातानं चाललं. भाजी चिरायला जमली, अंगणवाडीचं रजिस्टर लिहायला नाही जमलं.
नवऱ्याला, प्र. ला, एस.टी.त लांबचा रूट दिलाय. दोन दिवसाआड घरी. तोवर मी एकटी.

४ नोव्हें.
शेजारच्या फिलूमावशीकडे गेले क्रोशा शिकायला. अख्ख्या वाडीत तिच्याइतकं कुणाला येत नसे. आता संधिवातानं बोटं वाकडी, चमचासुद्धा मुठीत धरते. म्हणून तोंडानं शिकवते. टाक्यांची नावं: साखळी, मुका खांब, खांब. मी वीस साखळ्या घातल्या, मोजल्या तर सतरा. मावशी हसली. किती दिवसांनी.
रिटाचा विषय काढला नाही. एकुलती मुलगी, मस्कतला घरकामाला गेली. चौदा महिने झाले फोन नाही. एजंटचाही लागत नाही.
निघताना मावशीनं पत्र्याची पेटी उघडायला लावली. निळ्या लोकरीचे गोळे, हिरवी सुई. "रिटाची. अशीच पडान आसा. तू वापर."

७ नोव्हें.
आज फुगीर टाका. एकाच घरात पाच खांब अर्धवट सोडायचे, मग सगळे एकदम ओढून घ्यायचे. वर गोळा येतो. मावशी त्याला बोंडू म्हणते. काजूच्या बोंडवासारखा दिसायला हवा. माझा चिंचोका झाला.
रिटानं केलेलं असलंच ब्लँकेट मावशीच्या खाटेवर असतं. एकेक बोंडू टच्च. असं एक तरी करायचंच.

१२ नोव्हें.
नऊ ओळी घातल्या, सात उसवल्या. शेवटचा टाका विसरते, कडा आत पळते. मनगट ठणकतं. तरी बरं वाटतं.

१७ नोव्हें.
दीडला घरी आले. ब्लँकेट खुर्चीवर होतं तिथंच. सकाळी चौदा ओळी होत्या. आता पंधरा. मोजताना चुकले असेन, नेहमीचंच.

१८ नोव्हें.
सकाळी कागदावर लिहून ठेवलं: १५.
आल्यावर १७.
पुढचं कुलूप मीच काढलं. मागच्या दाराला आतून कडी. नव्या ओळी सरळ, कडा ताठ, बोंडू टपोरे. माझे नाहीत.
आणखी एक. मी ओळ घालते उजवीकडून डावीकडे. बोंडू वर करून ठेवलं होतं, सुई डाव्या टोकाला. आता बोंडू वरच, पण सुई उजव्या टोकाला, ओळ डावीकडून उजवीकडे घातल्यासारखी.
चहा केला, प्यायचा राहिला.

२० नोव्हें.
प्र. आला. सांगितलं. म्हणाला, "अगो, हाताच्या गोळये घेतंस ना, तेचीच झोप. अर्धवट झोपेत करतंस नि विसारतंस." असेलही. मी एक ओळ घालून दाखवली. त्यानं माझ्या ओळीकडे बघितलं, मग तिच्या लगेच खालच्या तीन ओळींकडे.

२१ नोव्हें.
प्र. नं मोबाईलवर फोटो काढला, स्वतः कुलूप लावलं. दोघं मालवणला बाजाराला गेलो. सुरमई, नारळ, त्याच्या चपला. बारा वाजेपर्यंत परत.
तीन ओळी वाढलेल्या.
फोटोतल्या ओळी त्यानं तीनदा मोजल्या. सुरमई तशीच पिशवीत. ब्लँकेट उचलून लोखंडी कपाटात टाकलं, कपाटाला टेबल लावलं. मग लवकरच ड्यूटीवर गेला. अजून दोन तास होते तरी.

२४ नोव्हें.
कपाटात असताना काही वाढलं नाही. मी उघडून बघितलं. रोज बघते.
मावशी आली. "किती झाला ता दाखव तरी." दाखवलं. तिनं मांडीवर घेतलं, वाकड्या बोटांची मागची बाजू फिरवत गेली. खालच्या ओळींवर हसली. मग थांबली.
"ह्या कोणी केल्यान?"
"मीच."
"तू नाय केलंस ह्या."
मला घेऊन तिच्या घरी गेली. खाटेवरचं ब्लँकेट आणि हे, शेजारी शेजारी. टाके एकाच बाजूला झुकलेले. माझे नेमके उलट, आरशात बघितल्यासारखे.
"माझा रिटा डाव्या हातान करी," म्हणाली. "शाळेत मार खाल्ल्यान, पण हात बदलूक नाय."
म्हटलं, मावशी, सहा आठवडे मीही डाव्याच हातानं सगळं करत होते...
"तुका उजव्यान येना हा. डाव्यान खंयचा येतला?"

२५ नोव्हें.
डाव्या हातानं करून बघितलं. तासभर. साखळीसुद्धा पडेना. घाम आला. पडली असती तर बरं झालं असतं.

२८ नोव्हें.
मावशीला ओरोसच्या कलेक्टर ऑफिसातून फोन. तिनं माझ्याकडे दिला. मस्कतमध्ये एका बाईचा मृतदेह आहे. कागदपत्रं नाहीत, वय जुळतं. आईचं रक्त घेऊन जुळवून बघायचं. साहेब नीट बोलले, घाई नव्हती त्यांच्या आवाजात.
मावशी जाणार नाही म्हणते. "कित्याक जाऊ? तिका काय झाला नाय. ती ओळी घालता हा."
मी म्हटलं, मावशी, ती इतक्या लांब, आणि इथं माझ्या खुर्चीवर... ती जिवंत असती तर...
ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग माझ्या घरी आली, कपाटातून ब्लँकेट काढायला लावलं, एका जागी बोट टेकवलं. एक बोंडू उसवून परत घातलेला. तेवढीच लोकर विसविशीत.
"मेल्लो माणूस चुकता काय गो?"


३० नोव्हें.
प्र. म्हणाला जाळून टाक. मी म्हटलं कुणाची तरी लोकर आहे. मग त्यानं विचारलं, हळूच, परक्या बाईशी बोलावं तसं, "तू करतंस काय ह्या? मावशीक बरा वाटाक म्हणान?"
फोटो त्यानंच काढला होता. कुलूप त्यानंच लावलं होतं.
बावीस वर्षं झाली लग्नाला. असं कधी बघितलं नव्हतं त्यानं माझ्याकडे.

२ डिसें.
मावशीकडे तास दीड तास. रडून झालं, दोघींचं. मी म्हटलं, रक्त दिलं म्हणून रिटा मेली असं होत नाही. ती दुसऱ्याच कुणाची मुलगी असेल, तिची आईही वाट बघत असेल. हे तिला लागलं. मग म्हणाली येते, पण उत्तर येईपर्यंत ब्लँकेट कपाटात कोंडायचं नाही. खुर्चीवर ठेवायचं, सुई लावून.
हो म्हटलं. प्र. ला काय सांगू?

५ डिसें.
ओरोस. सकाळची गाडी. मावशी चर्चला जायच्या फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये. तिची शीर सापडेना, तीनदा टोचलं. फॉर्मवर सही जमेना, अंगठा दिला. साहेबांना म्हणाली, अगदी शुद्ध बोलून, "माझी मुलगी जिवंत आहे. तुमची खात्री व्हावी म्हणून आले." साहेबांनी मान खाली घातली.
तीन-चार आठवडे लागतील.
घरी आलो तर दोन ओळी.

८ डिसें.
मी आता हात लावत नाही. माझ्या पंधरा, बाकीच्या सगळ्या तिच्या. तिच्या म्हणजे कुणाच्या, ते लिहवत नाही. ब्लँकेट खुर्चीवरून जमिनीला लागलंय. वाडीत नाताळचे कंदील लागले. मावशीनं अजून लावला नाही.
प्र. चा फोन, डबल ड्यूटी घेतली म्हणून. आवाज नीट होता. घरी कधी येतोस विचारलं, तर म्हणाला बघतंय.

११ डिसें.
अंगणवाडीला सुट्टी. अकराला बाहेर पडले होते, दळण घेऊन साडेबाराला परत. बघते तर मावशी माझ्या बंद दारासमोर पायरीवर बसलेली, दाराला पाठ लावून. ऊन कडक. वाडीत चिटपाखरू नव्हतं. मला बघून ओठांवर बोट ठेवलं.
मी शेजारी बसले. पिठाचा डबा मांडीवर, गरम.
मग मावशी वळली, दाराशी तोंड नेऊन बोलू लागली. रोज फोनवर बोलावं तसं. डुकराला काय घातलं, धाकट्या सांतानच्या लग्नाला कोण आलं होतं. मध्येच थांबायची, ऐकल्यासारखी. मग, "जेवलंस काय गो?"
आत खुर्चीवरून काहीतरी पडलं. मऊ. आणि घरंगळत गेलं, लोकरीचा गोळा ओढला की जातो तसं, थोडं, थांबून, परत थोडं.
मी किल्ली काढली. उठताना डबा कलंडला, पीठ पायरीवर सांडलं. मावशीनं मनगट धरलं माझं. दुखरंच. वाकड्या बोटांत एवढा जोर असेल वाटलं नव्हतं.
"उघडू नको. काम चालला आसा तिचा."
किती वेळ बसलो माहीत नाही. आवाज थांबला नाही. मावशीनं किल्ली माझ्या हातातून घेतली, फ्रॉकच्या खिशात टाकली. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "चाय घेतलंस?"
म्हटलं, नाही. सगळं घरात आहे.
"मगे माझ्याकडे चल," म्हणाली आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली.