प्रभूची बांधी

५ नोव्हेंबर १९५६, सोम.
गिरणीचा पट्टा दुपारी परत सुटला. शिवून लावला. संध्याकाळी मंडळीच्या पंचांची बैठक. उपकारस्तुतीचा सण २५ ला, रविवारी. व्यवस्था दरसालप्रमाणे माझ्याकडं. घरोघरची पहिली उपज वेदीपुढं मांडायची, मी यादीतली नावं वाचायची, ज्याचं नाव येईल त्यानं उठून यंदा कशाबद्दल उपकार मानतो ते मोठ्यानं सांगायचं. ही साक्षीची रीत मीच घातली. नऊ वर्षं झाली.
यादी करताना माझं नाव आलं तेव्हा सगळे चटईकडं पाहू लागले. एक जण हळूच, "भाऊ, यंदा तुमी राहू द्या. लोक समजून घेतीन." मी हसलो. "काऊन? माझंच नाव काऊन गाळता?" हे हसू येतं कुठून कोण जाणे. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं आहे, तेच निघतं.
घरी रूथला तारीख सांगितली. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं आणि परसात गेली. माझं मी वाढून घेतलं. सलोमीला जाऊन पंधरा आठवडे. चौदा वर्षांची, एकुलती लेक.

८ नोव्हें., गुरु.
हलकं धान पिकलं. भागरताबाई सात बाया घेऊन कापणीला आली. बांध घातलेल्या चार बांध्या दुपारपर्यंत कापून झाल्या. पाचवी बोडीखालची, तळ्याच्या पाण्यावरची, प्रभूच्या नावानं काढलेली. मंडळीत प्रत्येक शेतवाल्याची अशी एक असते. रोवायची घरच्या लेकरानं, धान न्यायचं सणाला. आमची सलोमी रोवत होती, नवव्या वर्षापासून. यंदाचीही तिचीच.
रूथ धुऱ्याच्या बांधावर बसलेली. कधी आली कळलं नाही. भागरताला म्हणाली, "इथी विळा लावाचा नाई."
"बाई, हे तं सणाचं हाय ना?"
"ज्याचा सण असन त्यानं यावं अन् कापावं."
बाया माझ्या तोंडाकडं. मी म्हटलं, चला, भाकरी खाऊन घ्या.

११ नोव्हें., रवि.
एकटाच गेलो. रूथ श्रावणापासून प्रार्थनाघरात आलेली नाही. गाणं चालू असताना मागच्या ओळीत दोघी: "गिरणीवाला यंदा काय आनते पाहू." "आनन बाई, त्याच्याजोळ काय कमी हाय." गिरणीत धानासोबत एक खडा गेला तरी मला रस्त्यापलीकडून ऐकू येतो. हे कसं चुकणार.
याच कानांवर धंदा उभा केला. मिशनच्या अनाथ पोरांत असताना इंजिनाच्या ठोक्यावरून बिघाड सांगायचो, म्हणून फिटरच्या हाताखाली घेतलं. पण आषाढातल्या त्या आठवड्यात सलोमीचा खोकला रात्रंदिवस कानांवर होता आणि मला त्यातलं काही...

१४ नोव्हें., बुध.
पाळकसाहेब आले. भला माणूस. वचन वाचलं, प्रार्थना केली, मग रूथला म्हणाले, दुःखातही उपकार मानावेत, त्यानं मन हलकं होतं.
रूथ : पाळकसाहेब, तुमाले लेकरं किती?
"चार."
"चारही हायेत?"
"आहेत, बाई."
"चहा घ्या. थंडा होऊन राह्यला."
फाटकापर्यंत पोचवायला गेलो. मला वाटलं आता मला काही विचारतील. सणासाठी सतरंज्या किती लागतील ते विचारलं.

१५ नोव्हें., गुरु.
लिहून टाकतो. एवढे दिवस वहीत जागा सोडत होतो.
आषाढात बोडीखालचा रोवणा. तीन कोपरे सलोमीनं केले. चौथ्याला पाऊस लागला, वारं सुटलं. घरी आली तेव्हा दात वाजत होते. म्हणाली, बाबा, उरलेलं उद्या करू का. मी गिरणीच्या दारात चार माणसांत बसलेला. म्हणालो, "प्रभूची बांधी अर्धी ठेवू नये, बेटा. जा, हातासरशी होऊन जाईल." चार माणसांनी माना डोलावल्या. मला ते आवडलं. ती परत गेली.
पाचव्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं भरली, पाऊस नसता तरी झालं असतं कदाचित. कदाचित.
रूथनं तेव्हा एकदाच विचारलं. "अर्धी राह्यली असती तं प्रभूनं काय केलं असतं?" त्यानंतर त्यावर बोललेली नाही.
तो चौथा कोपरा ओळखू येतो. ओळी वाकड्या, पऱ्ह्यांची रोपं विरळ.

१७ नोव्हें., शनि.
एस्तेरबाईकडं गेलो. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा नदीत गेला आणि तीन महिन्यांत सण आला. तिला उठायचं नव्हतं. मीच यादी हातात धरून म्हणालो होतो, "एस्तेरबाई, आठवा, काहीतरी असेलच." ती उठली. म्हणाली, डोक्यावर छप्पर आहे त्याबद्दल उपकार. काय श्रद्धा, म्हणून ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल. नागपूरच्या पाहुण्यांनासुद्धा.
आज विचारलं, बाई, तुमाले तवा कसं सुचलं?
सुपातलं धान पाखडत होती. "सुचलं कुठी, भाऊ. तुमी उभं केलं. काई बोलाले नव्हतं. वर पाह्यलं तं छप्पर दिसलं."
पाखडणं थांबवलं नाही.
"तुमीच आमेन म्हनलं. लय जोरात."
माफी मागायची म्हणून गेलो होतो. सूप चालू होतं, मी न मागताच उठलो.

२२ नोव्हें., गुरु.
तोड काढली. बोडीखालची राहू द्यायची. शेजारच्या बांधीतलं धान तेच, रंग तोच, दाणा तोच. त्याचा भारा बांधून न्यायचा आणि प्रभूच्या बांधीतला म्हणून ठेवायचा. कोणाला कळतं?
रूथला सांगितलं. वाटलं होतं भांडेल. म्हणाली, "न्या." एवढंच. एखादा अडलेला सौदा जमावा तसं मला बरं वाटलं. अंगण ओलांडेपर्यंत टिकलं.

२५ नोव्हें., रवि. सण.
दारावर झेंडूच्या माळा. वेदीपुढं भोपळे, वाल, तुरीची हिरवी झुडपं, दोन कोंबड्या पाय बांधलेल्या, धानाचे भारे. माझा सगळ्यांत मोठा. लोक नवे कपडे घालून. मी नावं वाचत गेलो. कोणी नातवाबद्दल, कोणी बैल बरा झाला त्याबद्दल. मी प्रत्येकाला आमेन म्हटलं.
मग यादीत माझं नाव. मीच वाचलं. उठून भाऱ्याजवळ गेलो. म्हणालो, "हे आमच्या प्रभूच्या बांधीतलं"
आणि तो आवाज ऐकू आला. ओलं धान आणून वाळलंय म्हणून शपथ घेणाऱ्या माणसाचा आवाज असतो, तो. रोज ऐकतो. ओळखायला एक शब्द पुरतो. यावेळी तो माझ्याच तोंडातून.
थांबलो. मग म्हणालो, "हे त्या बांधीतलं नाही. ती उभी आहे. मी पुष्कळ शोधलं. उपकार मानाले मले यंदा काई सापडलं नाई." आणि खाली बसलो.
कोणी आमेन म्हटलं नाही. कोंबड्यांची तेवढी फडफड. पाळकसाहेब चष्मा पुसत होते. पुढचं नाव वाचायचं होतं, यादी हातात तशीच. तेव्हा बायकांतून एस्तेरबाई आली, कागद माझ्या हातातून घेतला. तिला अक्षर येत नाही. कागद डोळ्यांपुढं धरून उरलेल्या घरांची नावं तोंडपाठ घेत गेली. एकही चुकलं नाही.
उपासनेनंतर आवारात उपजेचा लिलाव. माझ्या भाऱ्यावर कोणी बोली लावली नाही. वैर म्हणून नाही. हात लावायला कोणी धजेना. परत घरी आणला.

२६ नोव्हें., सोम.
काल रूथला सगळं सांगितलं. मनात होतं, आता ती जवळ बसेल. दोघंही एकाच बाजूला आलो ना.
ती उलट भडकली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला.
"तुमाले कोनं सांगतलं होतं खरं बोलाले? मी नाई म्हनत होती, कारन तुमी हो म्हनत होते. घरात एक जन तं मानत होता. आता कोन मानन?"
"तूच तर न्या म्हणालीस."
"तुमी जाऊन राह्यले होते म्हून म्हनलं. पोरीचं नाव त्या प्रभूजोळ तरी घेत होते तुमी. आता तेही दार लावून आले."
मी सोंग करतो हे तिला माहीत होतं असं मला वाटत होतं. तिला ते सोंग वाटतच नव्हतं. तिचं अर्धं वजन त्यावर होतं.

२७ नोव्हें., मंगळ.
प्रार्थनेला बसलो. शब्द सगळे पाठ आहेत. इंजिन फिरतं, धान नाही. बंद केली.

३० नोव्हें., शुक्र.
भागरताबाई गिरणीत आली. "भाऊ, बोडीखालचं झडून राह्यलं. आनखी दोन दिवस. मंग नुसतं तनीसच हाती येईन, दाना नाई." मी म्हटलं, बाईंना विचार. म्हणाली, "इचारलं. बोलत नाई. तुमी बोला ना, तुमचीच हाय ना ते." बांधी म्हणाली की रूथ, विचारलं नाही.
जाऊन पाहिलं. दाणे जमिनीवर, चिमण्यांचे थवेच्या थवे. मी पक्षी हाकलले नाहीत.

३ डिसेंबर, सोम.
सकाळी उठलो तर विळा जागेवर नव्हता. शेतावर गेलो. रूथ बांधीत. पदर खोचलेला, एकटी कापत होती. मी उतरायला गेलो तर मान न उचलता, "नका येऊ."
धुऱ्यावर बसलो. दुपारपर्यंत तिचे तीन कोपरे झाले. चौथ्याशी येऊन थांबली. तिथल्या वाकड्या ओळी तशाच ठेवल्या, विळा धुतला, पाणी प्यायली. कापलेलं धान बांधीतच पसरलेलं, भारे न बांधता.
विचारलं, "कुठी न्यायचं?" प्रार्थनाघरात, गिरणीत, का बियाण्याला, मलाच माहीत नव्हतं काय विचारतोय.
म्हणाली, "सांगते."
चार वाजता आभाळ भरून आलं. वैनगंगेकडून वारं. धान उघड्यावर आहे. ती बांधीत उभी, चौथ्या कोपऱ्याकडं तोंड करून. मी गाडी जुंपून ठेवली आहे आणि चाकाला टेकून हे लिहितो आहे. पहिले थेंब वहीवर पडले. तिनं अजून हाक मारलेली नाही.