हिचं ‘पुरे’

४ फेब्रुवारी

पाठ गेली कामातून. सकाळपासून स्टुलावर. गॅलरीवाल्या बाईंना एप्रिलअखेर पंधरा चित्रं हवीत आणि माझी झालीत सहा. त्यातलं एक मला आवडत नाही, म्हणजे पाचच. अकरा वर्षांनी एकट्याचं प्रदर्शन — उड्या मारायला हव्यात! मारतोय कुठे? नातीला शाळेतून आणा, लेकीचं ऑफिस सुटेपर्यंत तिला सांभाळा, गळका नळ, भाजी, आणि उरलेल्या वेळात कला. तीही जेवायच्या टेबलावर. ताटं आली की आवरून ठेवायची.

तक्रार नाही. (आहे. पण फक्त इथेच.)

६ फेब्रुवारी

पुलाचं चित्र आज झालं. झालं म्हणजे हिने ‘पुरे’ म्हटलं.

जलरंगात हेच तर अवघड. तेलरंगवाल्यांचं बरं असतं, चुकलं की वरून दुसरा थर. आमच्यात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद सोडायचा असतो. एक हात जास्त फिरला की चिखल. आणि माझा हात थांबत नाही! लग्न झाल्यापासून तो ही थांबवते. स्वयंपाकघरातून आवाज येतो — “अहो, पुरे!” — की मी ब्रश ठेवतो. दारातून एक नजर टाकत असणार. चित्रकलेचा वर्ग हिने आयुष्यात पाहिला नाही, पण नजर अशी की परीक्षकांनी शिकवणी लावावी. मी सगळ्यांना सांगतो, चित्रं सुरू मी करतो, संपवते ही.

१३ फेब्रुवारी

जरा लागलं मनाला. आभाळाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सपाट हात, देताना मी बोर्ड उलटा धरतो, म्हणजे रंग खाली ओघळतो आणि सुलटं केल्यावर आभाळ वर गडद दिसतं. तसाच उलटा वाळत ठेवला होता. ही समोर येऊन उभी राहिली. विचारलं, कसं वाटतंय?

“छान. घरं अगदी खरी वाटतात.”

घरं पाय वर करून उभी आहेत, बाई! बोललो नाही. कंटाळली असेल. इतकी वर्षं तेच ते बघून कोणीही कंटाळेल. मीही कंटाळलोय.

२० फेब्रुवारी

ब्रश धुवायचा ग्लास फुटला. टेबल पुसताना हिचा हात लागला. जाड काचेचा, लग्नात मिळालेल्यांतला शेवटचा. पाणी चित्रावर न जाता माझ्या पँटवर गेलं हे नशीब. ही एवढंसं तोंड करून उभी. म्हटलं, अगं, ग्लासच ना! माझा दाढीचा प्लास्टिकचा मग घेतला. पाणी काय, कशातही राहतं.

२६ फेब्रुवारी

बोटींचं चित्र मेलं. दुपारी जिवंत होतं, संध्याकाळी चिखल. ‘पुरे’ची वाट बघत होतो. आलंच नाही. ही आत भांडी लावत होती.

२ मार्च

अजून एक गेलं. पाण्यातलं प्रतिबिंब काय सुरेख उतरलं होतं! मग घासत बसलो. मला वाटलं आता म्हणेल, मग म्हणेल.

लेक म्हणाली, “बाबा, कुठे थांबायचं ते तुमचं तुम्हाला कळत नाही का?”

कळलं असतं तर तुझ्या आईशी लग्न कशाला केलं असतं! हसली नाही. हल्ली या घरात माझ्या विनोदांना कोणी हसत नाही.

९ मार्च

भांडलो. तिसरं चित्र फाडलं आणि भांडलो. म्हणालो, तुला माझ्या चित्रांकडे बघवत नाही का आता? उलटं असलं तरी छान म्हणतेस, बिघडत असलं तरी गप्प बसतेस. मी इथे मान मोडून बसतो, कोणासाठी? वगैरे वगैरे. तोंडाला येईल ते.

ही म्हणाली, “मला वाटलं, तुम्ही बसतच नाही हल्ली कामाला. किती शांत असतं.”

हे वर! म्हणजे आता माझं कामसुद्धा हिच्या गावी नाही.

१० मार्च

अबोला. भाजीत मीठ नव्हतं. मागितलं नाही.

१४ मार्च

ही चहा ओतत होती. मी सहज बघत होतो. एक बोट कपाच्या कडेवरून आत सोडलेलं. चहा बोटाला लागला तेव्हा ओतायची थांबली. चटका बसला असणार, चेहऱ्यावर काही नाही. रोजचंच असल्यासारखं.

लेक ऑफिसातून आली तशी तिला जिन्यातच गाठली. आधी काही नाही, काही नाही. मग रडायलाच लागली. “आईने शपथ घातली होती, बाबा. प्रदर्शन होईपर्यंत तुम्हाला सांगायचं नाही. तुम्ही सगळं सोडून बसाल म्हणाली.” हिवाळ्याच्या आधीपासून दोघी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातायत. मला सांगायच्या, शिवणवालीकडे जातोय. आणि मी विचारलंही नाही, की इतके कपडे शिवून गेले कुठे!

१८ मार्च

आज बरोबर मी गेलो. डॉक्टर तरुण, सरळ बोलणारे. “मधली नजर गेलीय. कडेची राहील. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळू.”

येताना विचारलं, मी कसा दिसतो तुला?

“कान दिसतात. कान बरे आहेत तुमचे.”

ओल्या रंगावर पाण्याचा थेंब पडला की मधलं सगळं फिकट होऊन पसरतं, तसं काहीतरी आहे म्हणे माझ्या चेहऱ्याच्या जागी. मी भर रस्त्यात रडलो. लहान पोरासारखा. ही म्हणते, “लोक बघतायत का हो? तुम्हीच सांगा, मला काही दिसत नाहीत.”

१९ मार्च

सगळं जुळलं आता. उलटं चित्र. फुटलेला ग्लास. ‘पुरे’ का बंद झालं तेही. पुलाच्या वेळी थोडंफार दिसत असेल, नंतर तेही गेलं. बिचारी दारात येऊन बघत असेल आणि माझ्या जागी, चित्राच्या जागी नुसता डाग. आणि मी ओरडलो.

२३ मार्च

बाईंना फोन केला. प्रदर्शन नको.

“अहो, भिंती तुमच्यासाठी ठेवल्यात मी!”

द्या दुसऱ्या कोणाला. कारण सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, थोडे दिवस विचार करा, मी इतक्यात कोणाला देत नाही. चांगली बाई आहे. मला चांगुलपणाचाही शीण येतो हल्ली.

रंगांचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर. टेबल आता नुसतं जेवायचं टेबल. थांबवणारं कोणी नसेल तर मी सुरू कशाला करू? रोज एक कागद मारायचा, एवढंच होईल. दमलोय. खूप दमलोय.

२९ मार्च

हिला कळलं. लेकीने सांगितलं असणार, या घरात कुणाच्या पोटात काही राहत नाही. (माझ्यापुरतं सोडून.) असा आवाज हिने जावई सोडून गेला तेव्हाही चढवला नव्हता. “डोळे माझे गेले, तुमचे हात गेले का?” कपाटातून डबा स्वतः काढला, चाचपडत, स्टुलावर चढून. धरायला गेलो तर हात झटकला. उद्या बसायचं म्हणे.

बसतो. नाही म्हणायलाही ताकद लागते.

३० मार्च

दाढीचा मग सापडेना. नातीने त्यात माती भरून काहीतरी पेरलंय. हिने आतून काचेचा पेला आणून दिला आणि दार लोटून घेतलं.

पुन्हा बोटीच घेतल्या. मन नव्हतं. तासाभराने जरा लागलं. पाणी, सावली, मग सावलीच्या कडेला अजून थोडी सावली, अजून थोडी —

“अहो, पुरे!”

दार बंद होतं! ब्रश हातात तसाच राहिला. कागदाकडे पाहिलं. खरंच पुरे होतं. एक हात आणखी आणि मेलं असतं.

शाळा सुटायची वेळ झालेली, तसाच पळालो. नात विचारते, आजोबा, तुम्ही असं तोंड का केलंय?

३१ मार्च

सकाळी विचारलं, अगं, दार लावून तुला दिसलं कसं?

“मी कधी बघून म्हटलंय हो? मला मेलीला चित्रातलं काय कळतं! नीट जमत असलं की तुम्ही ब्रश एकदा बुचकळता आणि कितीतरी वेळ गप्प. बिघडवायला लागलात की काचेवर टण टण टण, टण टण टण. लग्न झाल्यापासून ऐकतेय. त्या तुमच्या प्लास्टिकच्या मगातलं काही ऐकूच यायचं नाही.”

बाईंना कळवलं, भिंती ठेवा. दाढीचा मग नातीला देऊन टाकला. कायमचा.