युक्काला पाणी कोण घालतं?

बोरीवली, ४ फेब्रुवारी २०२५

ती. नंदूदादास,

धाकट्या बहिणीचा शि. सा. न.

फोनवर तू नुसता हां हां करतोस, ऐकू काहीच येत नाही, म्हणून पत्र. गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलंस ते बरं झालं. शौनककडे लेकाच्या हातचे लाड चालू असतील.

इकडे प्रेमावहिनीने सोसायटीच्या बागेत लावलेल्या युक्काची मात्र वाट लागली आहे. खालची पानं पिवळी, बुंधा दाबला तर मऊ. तू गेल्यापासून महिनाभर मी आठवड्यातून एकदाच पाणी घालते, तरी माती कायम ओली! पाइप गळतोय का बघितलं, तर तो कोरडा ठणठणीत. मग हे पाणी येतं कुठून?

माया आहे तशी राहू दे.

तुझी,
कुंदा

मुलुंड, ९ फेब्रुवारी

चि. सौ. कुंदास,

अ. उ. आ.

गुडघा वाकतो. लाड इतके की मला स्वतःचा कपसुद्धा विसळू देत नाहीत. शौनक म्हणतो, बाबा, आता इथेच राहा, तिकडचं घर भाड्याने देऊ. महिनाअखेर सांगतो म्हटलंय. खरं सांगू? प्रेमा गेल्यावर तिथे माझं असं ते झाडच उरलंय. तेही गेलं तर परत कशाला येऊ?

तेव्हा छडा लाव. लोकांच्या भानगडीत नाक खुपसायची तुझी सवय एकदा तरी कामी येऊ दे. मी रोज पूजा झाली की देवांच्या अंघोळीचं पाणी मोरीत न टाकता त्या झाडाला घालायचो, पण ते जेमतेम वाटीभर.

घरी सर्वांना आशीर्वाद.

तुझा,
दादा

बोरीवली, १६ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न.

चोर सापडले! दोन दिवस सकाळी साडेसहापासून बाल्कनीत बसले. आधी सुंदराबाई तांब्या घेऊन आल्या. मग तळमजल्यावरची आणखी तीन घरं, एकामागून एक, प्रत्येकाच्या हातात देवाचं पाणी. विचारलं तर सगळे ओशाळले. नंदूभाऊ नाहीत, त्यांचा नेम चुकायला नको, असं प्रत्येकाच्या मनात आलं आणि कुणी कुणाला सांगितलं नाही. या झाडाला कोरडं राहायला आवडतं हे त्यांना कुठे ठाऊक?

उकरून पाहिलं. मुळं काळी पडून कुजली आहेत. वरचा हातभर भाग टणक होता, तेवढा कापून सावलीत सुकत ठेवलाय. दोन-चार दिवसांनी वाळू मिसळलेल्या मातीत लावीन. जगेल असं वचन देत नाही, खोटं कशाला बोलू?

पण झाडावर ठरवू नकोस रे. सुंदराबाईंनी विचारलं, आता पाणी घालायचं नाही तर नंदूभाऊंसाठी करायचं काय? मलाही तू इथे हवा आहेस.

रागावू नकोस.

तुझी,
कुंदा

मुलुंड, २१ फेब्रुवारी

चि. कुंदास,

अ. उ. आ.

शेंडा जगो न जगो, पुढच्या रविवारी परत येतो. सुंदराबाईंना सांग, माझ्यासाठी काही करायचंच असेल तर दुपारचं जेवण करा.

शौनकला आज सांगितलं. तो उठला आणि माझी बॅग माळ्यावरून काढून, पुसून, पलंगावर ठेवली.

भेटीअंती बोलू.

तुझा,
दादा